एक जास्तीची भाकरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यांनाही नाही. आणि यांच्यापासून मी फारसं काही लपवलं नव्हतं. तुम्हाला सांगतेय, तर मधे अडखळले तर थोडं थांबा. सरळ मुद्द्यावर येणं मला जमायचं नाही. इतकी वर्षं मी त्याच्या कडेकडेनेच चालत आलेय.

साठ सालानंतरची गोष्ट. हे चिंचणीच्या शाळेत शिकवायचे. घर समुद्रापासून इतकं जवळ, की दुपारी सगळं निजलं की भरती ओटीवर येऊन बसल्यासारखी वाटायची. त्या दुपारी मला अजून दिसतात, पण पाण्यातून बघितल्यासारख्या. माडाच्या झापांच्या हलत्या सावल्या, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, मांडीवर उघडं पुस्तक. मी तेव्हा जागी होते की अर्धवट झोपेत? नक्की सांगता येत नाही.

आमचं एक वाचक मंडळ होतं. नऊ बायका. पालघरच्या, बोईसरच्या, एक केळव्याची, दोघी तारापूरच्या. महिन्यातून एकदा एकीच्या घरी जमायचं, सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचं. आणि जिच्या घरी बैठक, तिने त्या पुस्तकाला शोभेल असं जेवण करायचं. गंमत म्हणून सुरू झालेलं हे, पण पुढे त्यात चुरस आली. राजवाड्यातल्या कादंबरीला केळव्याच्या मैत्रिणीने चांदीच्या वाट्यांतून केशरीभात वाढला. घाटावरच्या गोष्टीसाठी बोईसरच्या डॉक्टरीणबाईंनी पार नगरहून हुरडा मागवला. आणि मग माझी पाळी आली. पुस्तक होतं मच्छीमारांवरचं. शहरात राहणाऱ्या एका लेखकाची कादंबरी. नवरा वादळात जातो, बायको किनाऱ्यावर वाट बघते.

मंडळात पालघरच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. सगळ्या त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्यांनी मान डोलावली की पुस्तक चांगलं ठरे, आणि बोलणारीही. मला त्यांची ती मान हवी होती. किती हवी होती, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

आता काशीबद्दल सांगते.

काशी आमच्याकडे मासळी घेऊन यायची. माझ्याच वयाची, तिशीची. दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याची होडी गेली ती आलीच नाही. मी तिला सहज विचारलं की तुमच्यात कालवण कसं करतात, जवळा कसा परततात. ती मागच्या पायरीवर बसून सांगू लागली. कशासाठी विचारतेय हे सांगताना मी तिला पुस्तकाचं पहिलं पान वाचून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी डोक्यावरची पाटी उतरवायच्या आधीच तिने विचारलं,

"वयनी, फुडं काय झालं तिचं?"

मग रोजच वाचू लागले. ती मासे साफ करायची, मी वाचायची. कधीकधी तिचा हात थांबे आणि ती नुसती समुद्राकडे बघत ऐके. ते पंधरा-वीस दिवस... माझ्या आयुष्यात पुस्तक इतकं जिवंत दुसरं कधी झालंच नाही. मी तिला म्हटलं, बैठकीला तू पण ये. आमच्यात बस. तुझ्याइतकं हे पुस्तक कुणाला कळणार? ती हसली. म्हणाली, "आमी काय बोलनार? पन ऐकाया येईन."

एका दुपारी मी तो प्रसंग वाचला. नायिका किनाऱ्यावर छाती पिटून रडते तो. मला वाटलं, काशी रडेल. ती पापलेट कापत होती, कापतच राहिली. मग म्हणाली,

"असं नाय होत, वयनी. रडू लय मागनं येतं. मी वरीसभर त्याची भाकरी थापीत होते. रोज एक जास्ती. थापून झाली की कळायचं. हाताला कुठं ठावं हाय, तो नाय येनार ते?"

मी पान उलटलं.

बैठकीचा दिवस आला. सकाळीच काशीने नवऱ्याचं जाळं आणून दिलं. मी मागितलं होतं, शोभेसाठी. मी ते पुढल्या खोलीच्या खिडकीवर टांगलं. दुपारचं ऊन त्यातून आत आलं आणि खोलीभर, गाद्यांवर, बायकांच्या पातळांवर, हातातल्या पुस्तकांवर चौकड्यांची सावली हलू लागली. आपण समुद्राखाली बसलोय असं वाटतंय, असं कुणीतरी हळूच म्हणालं.

तेवढ्यात काशी मागच्या दाराने आली. धुतलेलं हिरवं लुगडं, केसात अबोली. मी दारातच तिच्यापुढे गेले. बघा, मी तिला नाही म्हटलं नाही. तेवढंही धैर्य नव्हतं. मी म्हटलं, "काशी, जरा भाकऱ्यांकडे बघतेस का? गरम वाढायच्या आहेत."

ती क्षणभर पुढच्या खोलीकडे बघत राहिली. मग पदर खोचून चुलीपुढे बसली.

मधे फक्त एक पडदा होता. तांदळाच्या भाकऱ्या थापल्याचा आवाज पुढे ऐकू येत होता, थप थप, एका लयीत. त्या आवाजाला भुलल्यासारख्या सगळ्या बोलत होत्या. कालवणाचं कौतुक झालं. जवळ्याचं झालं. मी म्हटलं, शिकले हळूहळू. मग मोठ्या बाईंनी विचारलं, रडण्याचा तो प्रसंग कसा वाटला? कुणी म्हणालं हृदयद्रावक, कुणी म्हणालं जरा भडक.

आणि मी बोलले.

मी म्हटलं, मला तो खोटा वाटला. अशा बाईचं दुःख डोळ्यांत नसतं, हातांत असतं. ती वर्षभर नवऱ्याची एक भाकरी जास्त थापेल. तो येणार नाही, हे हातांना कुठे ठाऊक असतं?

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "हे तुम्हाला कुठून सुचलं?"

मी म्हटलं, "सुचलं."

आत थापण्याचा आवाज थांबला होता. किती वेळ? मला वाटतं फार नाही. मग तो पुन्हा सुरू झाला. मोठ्या बाईंनी मान डोलावली. आणि मला सांगायलाच हवं, मला आनंद झाला. आतला आवाज ऐकूनही झाला.

सगळ्या गेल्यावर काशीने जाळं उतरवलं, नीट घडी घातली. "येते बाई," म्हणाली. पुस्तकाची दोन प्रकरणं उरली होती. ती तिने कधी विचारली नाहीत. मीही वाचू का म्हटलं नाही. मासळी मात्र देत राहिली. ताजी, निवडून, साफ करून. फक्त पायरीवर बसायची नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर? नाही थांबलं. मोठ्या बाईंच्या सांगण्यावरून मी ते एका मासिकासाठी लिहून काढलं. छापून आलं. मग पालघरच्या वाचनालयात भाषण, मग बोईसरला, मग आणखी कुठे कुठे. दर वेळी मी त्या वाक्यापाशी आवाज खाली आणायची, आणि दर वेळी बायका डोळे पुसायच्या. 'एका बाईने मला सांगितलं' एवढे चार शब्द आधी जोडले असते तर काय बिघडलं असतं? काहीही नाही. मी जोडले नाहीत.

काशी वारल्यावर वर्षभराने तिची मुलगी सुमन माझ्याकडे आली. शिक्षिका झाली होती. पिशवीतून तिने तो जुना अंक काढला, कुठल्याशा ग्रंथालयात तिला सापडलेला. म्हणाली, "बाई, तुमचा लेख वाचून मला आईच दिसली. लहानपणी मी बघायचे, आमच्या घरी एक भाकरी उरायची. तुम्ही आईला ओळखत होता. हे तिचं आहे का?"

ती भांडायला आली नव्हती. तिला फक्त हो हवं होतं. आईचं काहीतरी कुठेतरी छापलेलं आहे, एवढंच.

बाहेर भरती लागली होती. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं,

"तुमच्याकडच्या सगळ्याच बायकांचं असं असतं गं."

तिने मान हलवली. अंक पिशवीत ठेवला, मला वाकून नमस्कार केला, आणि गेली. मी तिला आशीर्वादही दिला.

ते वाक्य काशीचं आहे. ती वर्षभराची भाकरी तिची आहे, आणि तो न आलेला माणूसही तिचाच. माझं त्यात काही नव्हतं.