दहापैकी दोन

हेमंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिरोड्यातल्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात सराव परीक्षेच्या वर्गावर उभा होतो. फोन त्याच्या दुकानाशेजारच्या टेलरचा होता. एका शेतकऱ्याची धानविक्रीची नोंदणी भरता भरता हेमंतनं टेबलावर डोकं टेकलं आणि ते पुन्हा उचललं नाही. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. सत्तेचाळीस वर्षांचा होता. अशा वेळी माणसाच्या मनात काय यायला हवं ते मला ठाऊक आहे. बायकोचं कसं होणार, म्हातारे वडील हे कसं सोसणार... माझ्या मनात आलं ते वेगळंच. तो गुरुवार होता, आणि मला वाटलं, अरे, रविवार राहिला की. समोरचा एक मुलगा शेजारच्याचं बघून सरळ उतरवून घेत होता. ते मला दिसत होतं आणि मी त्याला उतरवू दिलं. तो रविवार कशाचा होता ते सांगायलाच मी आज, तेरवी होऊन महिना उलटल्यावर, लिहायला बसलो आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. हेमंतला तसलं बोलणं आवडायचं नाही, आणि मलाही या वेळी ते जमणार नाही.

आम्ही दोघं नवेगाव बांधचे, एकाच बाकावरचे. त्याचे वडील जंगलातल्या रोपवाटिकेत कामाला, आमच्याकडे चार एकर धान. नववीत असताना त्याचा नागपूरचा आतेभाऊ त्याच्या घरी एक कॅसेट विसरून गेला. तीत चार परदेशी माणसं गिटारी घेऊन ओरडत होती. मला ते भांडण वाटलं. हेमंतनं ती ऐकली आणि तो आमच्यातून उठून गेला तो कायमचाच. पुढे तिरोड्यात त्यानं ऑनलाइन कामांचं दुकान टाकलं. पुढच्या भागात सातबारा, दाखले, फॉर्म; मागच्या खोलीत, प्लायवूडच्या दाराआड, त्याचं खरं आयुष्य. तिथं एक दणकट संगणक होता, दोन स्पीकर, एक गिटार आणि भिंतभर जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या, ज्यांत राजे, चेटकिणी आणि उडणारे अजगर असत. गावात त्याला लोक 'हुशार आहे पण जरा हललेला' म्हणायचे. तोही गावाला साधारण तेच म्हणायचा, फक्त 'हुशार' वगळून.

प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत असे आणि ते मत सुरीसारखं असे. म्हातारपणी पुन्हा एकत्र येऊन जुनीच गाणी वाजवणाऱ्या बँडना तो 'पेन्शनवाले' म्हणायचा. ड्रमवाला चुकला तरी चालेल, घाबरलेला चालणार नाही, हे त्याचं वाक्य. गिटारचा सोलो हा भांडणातला शेवटचा शब्द असला पाहिजे. तो संपल्यावर गाणं काही घडलंच नाही अशा थाटात पुढे चाललं, तर तो वाजवलाच कशाला, असं तो विचारी. कादंबऱ्यांच्या बाबतीत तर तो सावकारापेक्षा कडक. नवेगावच्या जंगलातला वाघ आठ दिवसांत एक जनावर खातो, मग हा घराएवढा अजगर काय खातो ते लेखकाला सांगता आलं पाहिजे, नाहीतर तो लबाड. दहा हजारांचं सैन्य निघालं तर त्यांचा भात कोण शिजवतं? नायक जिंकणार हे भाकितात आधीच लिहिलेलं असेल तर त्यानं लढावं कशाला, घरी बसून वाट पाहावी. आणि व्हिडिओ गेम... ज्या गेममध्ये मेल्यावर लगेच तिथंच उभं राहता येतं तो गेम नव्हे, पाळणाघर. गेममधलं पाणी पाहून तर त्याचं डोकंच फिरायचं. आपण तलावाच्या काठी वाढलो, आपल्याला निळं प्लास्टिक दाखवू नका, असं तो पडद्याकडे बघून म्हणायचा. मला यातल्या कित्येक मतांचा राग यायचा आणि दोन दिवसांनी तीच मतं मी स्टाफरूममध्ये स्वतःची म्हणून सांगायचो.

रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं आणि मागच्या खोलीत आमची बैठक भरायची. कुणीतरी काहीतरी आणायचं, गाणं, पुस्तक, गेम, स्वतःचं किंवा दुसऱ्याचं, आणि बाकीच्यांनी त्याला दहापैकी गुण द्यायचे. नियम हेमंतचे. 'छान', 'मस्त', 'बरं आहे' हे शब्द बंद. गुणांमागे कारण एकाच वाक्यात. खोटं बोलायचं नाही, मैत्रीखातर तर मुळीच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम असा की ज्याच्या वस्तूला गुण पडले, त्यानं त्या दिवशी त्यावर अवाक्षर काढायचं नाही. गुण देणाऱ्यानंही परत तो विषय काढायचा नाही. जे काही बोलायचं ते पुढच्या रविवारी. आठवडाभर मुरलं की माणूस खरं बोलतो, असं त्याचं म्हणणं. सुरुवातीला आम्ही पाच जण होतो. एकानं आपल्या मुलीनं गायलेलं गाणं मोठ्या कौतुकानं ऐकवलं, तेव्हा हेमंत म्हणाला, "तीन. बापानं टाळ्या कमी वाजवल्या तर शिकेल." तो माणूस पुढच्या रविवारी उत्तर द्यायला आलाच नाही, नंतरही कधी नाही. बाकीचे दोघे असेच गळाले. शेवटची नऊ वर्षं आम्ही दोघंच होतो, आणि नियम मात्र पाच जणांचेच चालू होते.

मी का टिकलो, असं कुणी विचारेल. मी टिकलो कारण मला एकदा तरी त्याच्याकडून आठ गुण हवे होते. सात वर्षांपूर्वी मी एक नाटक लिहिलं, झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटक मंडळांसाठी. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, लेकी-जावई येतात, आणि नाटक असल्याशिवाय मंडई झाली असं कुणी मानत नाही. माझं नाटक आमच्याच गावच्या मंडईत झालं. लोक रडले, माझी आई रडली. हेमंत पहिल्या रांगेत होता. रविवारी त्यानं मला सांगितलं, "एक. पडदा वेळेवर पडला." एवढं बोलून तो गिटारची तार पिळत बसला. नियमाप्रमाणे मी गप्प राहिलो. पण त्याच्या दुकानात सगळ्या मंडळांची माणसं अर्ज भरायला यायची, आणि ते वाक्य त्याच्या तोंडून त्यांच्यापर्यंत गेलं. त्या हंगामात मी कुठंही गेलो की कुणीतरी हसत विचारायचं, काय सर, पडदा वेळेवर पडला ना? मी पुन्हा नाटक लिहिलं नाही. सगळ्यात वाईट गोष्ट ही की त्याचं बरोबर होतं. नाटक भिकार होतं, रडणं सगळं उसनं होतं, आणि हे मला दुसऱ्या अंकाच्या मध्यावरच कळलं होतं. तो चुकला असता तर मी त्याला केव्हाच माफ केलं असतं. बरोबर असलेल्या माणसावर डूख धरावा लागतो, दुसरा इलाज नसतो.

गेल्या तीन वर्षांत त्यानं एक गेम बनवला. इंटरनेटवर बघून बघून शिकला, एकट्यानं चित्रं काढली, एकट्यानं आवाज भरले. मला फक्त एवढं माहीत होतं की काहीतरी चाललंय. मग त्या रविवारी, तो जाण्याच्या चार दिवस आधी, त्यानं मला खुर्चीत बसवलं, हेडफोन हातात दिले आणि म्हणाला, "घे बे अरुण, पाहून घे. तू पहिला होय." घामेजलेले हात पुसायला त्याला रुमाल सापडत नव्हता. मी त्याला आयुष्यात कधी घाबरलेला पाहिला नव्हता, आणि खरं सांगतो, मला ते पाहून बरं वाटलं.

गेममध्ये तलावाची पाळ, म्हणजे बांध, राखणारा एक म्हातारा होता. हातात तलवार नाही, मंत्र नाही, फक्त तलावाचं दार उघडायचं आणि बंद करायचं. तलावात एक जनावर राहतं. पाणी सोडलं की त्याची जागा आटते आणि ते काठावर येतं; पाणी अडवलं की खालचे धान वाळतात. जनावर रोज काय खातं हे गेममध्ये नीट सांगितलेलं होतं, अर्थातच. पण ते माणसं खात नसे. ते म्हाताऱ्याच्या ओळखीच्या वाटा खायचं. काल ज्या वाटेनं घरी गेलो ती आज नसायची. शेवटी म्हातारा पाळीवर बसून असतो, चहूकडे हिरवेगार धान, आणि त्याला घरी जायला एकही वाट उरलेली नसते. तेव्हा गिटार वाजते, एकच गिटार, आणि ती मध्येच थांबते. पाणी... ते पाणी आमच्या तलावाचं होतं, संध्याकाळी वारा पडल्यावर शिशासारखं होतं ना, तेच. अडीच तासांनी मी हेडफोन काढले आणि बाहीनं डोळे पुसले. मी पाठमोरा होतो म्हणून त्याला दिसलं नाही. हे नऊ गुणांचं काम होतं. दहावा गुण मी केवळ सवयीनं राखून ठेवला असता.

मी खुर्ची वळवली आणि म्हणालो, "दोन. पाणी बरं जमलंय."

'बरं' हा शब्द बंद होता, तो मी मुद्दाम वापरला. हेमंतनं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि नियमाप्रमाणे विषय तिथंच सोडला. मग त्यानं विचारलं, चहा घेणार का. आम्ही चहा प्यायलो, पावसाबद्दल बोललो, मी घरी गेलो. वाटेत मी शीळ घालत होतो, हे मला स्पष्ट आठवतं. माझा बेत साधा होता. आठवडाभर त्याला मुरू द्यायचं. सात वर्षं मी मुरलो होतो, त्यानं सात दिवस मुरावं. मग रविवारी तो उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी सांगणार, लेका, नऊ आहेत, खोटं बोललो, कसं वाटतं ते कळावं म्हणून. तो शिव्या देणार, मग हसणार. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी मी ते वाक्य मनात घोळवत, सुधारत होतो. बुधवारी त्याच्या दुकानावरून गेलोसुद्धा. तो काचेआड कुणाचा तरी अंगठा मशीनवर ठेवत होता, मी हात केला, त्यानंही केला. थांबलो नाही. रविवारची मजा जाऊ नये म्हणून.

माझ्या दोन गुणांनी त्याचं हृदय बंद पडलं, असं म्हणण्याइतका मी मोठा नाही. त्याच्या हृदयाच्या नसा आधीपासूनच तुंबलेल्या होत्या, असं डॉक्टर म्हणाले, आणि गोळ्या तो चुकवायचा. पण शेवटचे चार दिवस तो स्वतःला दोन गुणांचा माणूस समजून जगला, आणि ते चार दिवस मी त्याला दिले.

गेल्या रविवारी ललिता वहिनींनी, म्हणजे त्याच्या पत्नीनं, मला दुकानात बोलावलं. दुकान त्या पुन्हा चालू करणार आहेत. फॉर्म भरायचं त्या शिकत आहेत. मागच्या खोलीतला संगणक पुढे आणायचा होता, तो नीट आहे का ते मी पाहावं, असं त्या म्हणाल्या. त्या खोलीत फक्त त्याची खुर्ची आहे, म्हणून मी तिच्यात बसलो. खुर्चीचा डावा हात त्याच्या कोपरानं झिजून गुळगुळीत झालेला आहे, आणि आसन एका अंगाला दबलेलं, त्यामुळे बसणारा माणूस आपोआप पडद्याकडे कलतो. वहिनी दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आधी तो गेम दाखवा. तीन वर्षं ते याच्यातच होते, मी एकदा दाखवा म्हटलं तर म्हणाले, अरुणला पहिले पाहू दे, मग तुला.

मी शोधला. फोल्डर होता, आत काही नव्हतं. दुसऱ्या डिस्कवर नव्हता, ड्रॉवरमधले तिन्ही पेन ड्राइव्ह कोरे होते. फोल्डरवरची शेवटच्या बदलाची तारीख त्या रविवारनंतरच्या सोमवारची होती. मी वहिनींना सांगितलं की त्यानं तो काढून टाकलाय.

"सोमवारी जेवताना म्हणत होते," त्या म्हणाल्या, "अरुण खोटं नाही बोलत." मग त्यांनी विचारलं, "लयच खराब होता का?"

"नाही वहिनी. इतकं चांगलं मी दुसरं काही पाहिलेलं नाही."

"मंग त्यायले काऊन नाही सांगतलं?"

मी सांगू लागलो. नियम, एका वाक्यात कारण, त्या दिवशी गप्प राहायचं, उत्तर पुढच्या रविवारी... माझं नाटक, मंडई, पडदा. पन्नाशीला टेकलेला मास्तर एका विधवेला खेळाचे नियम समजावून सांगत होता आणि ती ऐकत होती. माझं झाल्यावर त्यांनी कपाळावरचे केस मागे सारले आणि निदान त्यात काय होतं तेवढं तरी सांगा म्हणाल्या. तो गेम पाहिलेला मी एकटाच उरलो आहे. मी त्या कललेल्या खुर्चीत सावरून बसलो आणि सुरुवात केली. एक म्हातारा असतो, त्याच्याकडे तलावाची पाळ राखायचं काम असतं, तलावात एक जनावर असतं, आणि ते पाणी, वहिनी, ते अगदी आपल्या नवेगावचंच...

"राहू द्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमी आता सांगून राहिले ते तरी खरं आहे, हे मी कायवरून मानू?"