नहुषाचा अध्याय

कापूर विझल्यावर मागे राहणारा वास आला की हसनाबादजवळच्या आमच्या गावातलं मारुतीचं देऊळ आठवतं. श्रावणात तिथं पोथी लागायची. एकानं ओवी वाचायची, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. वाचणाऱ्या आजोबांना दिसेनासं झालं म्हणून त्या वर्षी मी वाचत होते. बारावीत होते, आणि चार लोकांत माझा आवाज पहिल्यांदाच निघत होता. त्या संध्याकाळी देवळाच्या कमिटीचे नवेकोरे अध्यक्ष आले, सगळे सतरंजीवर असताना खुर्ची मागवून बसले आणि म्हणाले, “पोरीनं पोथी वाचायची न्हाई. ऊठ.” मी उठू लागले. अर्थ सांगणारे काका नजर वर न करता म्हणाले, “बस माय. लागलेला अध्याय मधी सोडत न्हाईत.” अध्याय नहुषाचा होता. मी तो वाचला. काका सांगू लागले, “राजा चांगला होता बरं का. पण इंद्राची गादी भेटली अन् यानं ऋषींनाच पालखीला जुंपलं. वरून लाथ मारतो, म्हणे जल्दी चाला! मंग काय, ऋषीनं शाप दिला अन् साप होऊन खाली पडला.” मागून एक म्हातारी म्हणाली, “नवं नवं होतं ना बाबा त्याला!” सगळं देऊळ हसलं. अध्यक्षही ओशाळून हसले. आरतीनंतर मी काकांच्या पाया पडले, तर ते एवढंच म्हणाले, “उद्या जल्दी ये, मोठा अध्याय हाय.” श्रावण संपेपर्यंत मीच वाचलं. त्यांचे आभार कसे मानावेत, मला अजून नीट कळत नाही. पण जालन्याच्या कॉलेजात सर विचारतात, “कोण वाचतंय?” तेव्हा माझा हात वर जातो.