सोळा सोमवार आणि एक बाटली ग्लुकोज

“पाणी? आणि सोमवारी? अहो डाक्टरानूं, उपास मोडलो तर परत पयल्यापासून धरूक लागतलो! तो तुमी धरतलास?”

राणे आजींचा आवाज असा, की त्या दिवशी नॅशनल पार्कातल्या बिबट्यांनी शिकारीला जायचं रद्द केलं. बोरीवलीतलं माझं सोनोग्राफी क्लिनिक तेव्हा नवं होतं. ऐंशीच्या दशकातलं ते मशीन म्हणजे गोदरेजच्या कपाटाला टीव्ही चिकटवल्यासारखं.

आजींची सून सुनंदा टेबलावर मुकाट पडली होती. लग्नाला सहा वर्षं, मूल नाही, आणि दर महिन्याला इतका रक्तस्राव की चेहरा खडूसारखा. मुलासाठीच सोळा सोमवार धरलेले. ते निर्जळी! आणि इथे पोटावरून गर्भाशय बघायचं तर मूत्राशय तुडुंब हवं. ते फुगलं की आतडी बाजूला सरतात आणि मागचं दिसतं. रिकाम्या मूत्राशयातून मला दिसलं ते महाबळेश्वरचं धुकं.

मी सर्जनना, डॉ. परेरांना, फोन लावला.

“सर, उद्या सोनोग्राफी केली तर?”

“उद्या सकाळी तिचं ऑपरेशन आहे रे. गर्भाशय काढतोय.”

“पण गाठ असली तर?”

“गाठबिठ काही नाही. हाताला सगळंच मोठं लागतंय. ॲडिनोमायोसिस. बघायचं तर आज बघ.”

दोन्ही आजार कॅन्सरचे नव्हेत. पण फायब्रॉइडची गाठ म्हणजे मोदकातलं सारण, अख्खं बाहेर काढता येतं. ॲडिनोमायोसिसमध्ये गर्भाशयाचं आतलं अस्तरच भिंतीत घुसतं. तो थालीपीठात मळलेला कांदा. वेचणार कसा? म्हणजे सुनंदाला मूल होणार की नाही, ते त्या मूत्राशयावर अडलं होतं.

“आजी, तोंडातून थेंब देत नाही. शिरेतून सलाईन लावतो.”

“त्यात मीठ असता?”

“असतं.”

“सोळा सोमवारांक मीठ चलणा नाय.”

“ग्लुकोज लावतो. नुसती साखर.”

आजींनी डोळे मिटले. थेट शंकराशी बोलणं झालं असावं. “साखर चलता.”

बाटली संपली. सुनंदा पहिल्यांदाच बोलली, “डॉक्टर, लवकर बघा, नाहीतर मी उठून पळते!”

पोटावर मशीनचा प्रोब ठेवला आणि धुकं फिटलं. मागच्या भिंतीत एकच गोल गाठ. कड स्वच्छ, मागे काळी सावली, आणि गर्भाशयाची पोकळी एका बाजूला रेटलेली. मळलेल्या कांद्याला कड नसते.

परत फोन. “सर, फायब्रॉइड आहे. सोलून निघेल. गर्भाशय ठेवा.”

“शंभर टक्के?”

“आवाजाच्या लहरी आहेत सर, कुंडली नाही. पण कड दिसतेय. आधी गाठ सोडवून तर बघा.”

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला. मग, “बरं. नाही सुटली तर काढणार.”

दुसऱ्या दिवशी मी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी पहारेकऱ्यासारखा उभा. गाठ निघाली, अख्खी. नारळाएवढी होती असं मी वर्षानुवर्षं सांगतो. होती मोसंब्याएवढी. गर्भाशय जागच्या जागी राहिलं.

धडा एवढाच, की पेशंटच्या देवाशी भांडू नये, त्याला काय चालतं ते विचारावं.

परेरा हात पुसत बाहेर आले. मी छाती काढून म्हटलं, “काय सर, फायब्रॉइडच निघाला ना?”

ते म्हणाले, “मोठं होतं, हे मी म्हटलंच होतं.”