जुनी वाळू

आमच्या घरात रोज संध्याकाळी साडेसहाला माझा मुलगा अर्ध्या सेकंदापुरता परत येतो. त्याच्या खोलीत खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी आहे. तिच्या दिव्याला टायमर आहे, आणि दिवा लागला की बंद दाराखालून निळा पट्टा हॉलमध्ये येतो. तो ऑफिसातून येऊन खोलीत शिरायचा तेव्हाही असाच पट्टा दिसायचा. टायमर म्हणजे काय ते मला कळतं, मध्यंतरी बिघडला तेव्हा दुरुस्तही मीच केला. तरी हातात पेपर असताना ‘आला वाटतं’ असं मनात येऊन जातं, आणि पुढची सगळी संध्याकाळ मी स्वतःवर चिडलेला असतो.

तो जाऊन दोन वर्षं झाली. चार दिवसांचा ताप, बस. सव्विसाव्या वर्षी.

मी एकतीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. भुताखेतांवर माझा विश्वास नाही आणि ज्यांचा आहे त्यांच्याशी मी वाद घालतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणाचा वेगळा समज व्हायचा.

ही टाकी त्याने कॉलेजात असताना घेतली. ‘समुद्र बघायचा तर अलिबागला जा, डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर कशाला आणतोस?’ असं मी म्हणालो होतो, आणि नंतरही अधूनमधून म्हणत राहिलो. टाकीकडे बघायला मात्र मी कधी गेलो नाही. तो गेल्यावर पंधरा दिवसांनी पाणी खाली गेलेलं दिसलं, तेव्हा पहिल्यांदा त्याची वही उघडली. मीठ किती, पाणी कोणतं, कोणाला काय खायला घालायचं, सगळं लिहिलेलं. शिवाय तो बाहेरगावी जाताना लावून ठेवलेल्या सूचना जागोजागी कागदी चिकटपट्टीवर होत्या. पंपाच्या बटणावर: ‘बाबा, हे बंद करायचं नाही.’ मिठाच्या बादलीवर: ‘नळाचं पाणी चालत नाही. बाबा, तुम्हालाच सांगतोय.’ दोन वर्षं मी ते निमूटपणे पाळत आलो. तो असताना मी त्याचं इतकं कधीच ऐकलं नव्हतं.

टाकीत तीन मासे होते. दोन लहान, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे. तिसरा पिवळा, चपटा, हळदीत बुडवून काढलेल्या बशीसारखा. आम्ही त्याला पिवळाच म्हणायचो. मुलाने तो आणला तेव्हा रुपयाएवढा होता. खायला घालताना पिवळा काचेशी यायचा, पण माझ्याकडे बघायचा नाही. त्याचा डोळा माझ्या खांद्याच्या मागे कुठेतरी लागलेला असायचा. माशाचे डोळे दोन बाजूंना असतात, तो नेमका कुठे बघतो ते सांगता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी दोनदा मी मागे वळून पाहिलं. मागे त्याची खुर्ची होती, तिच्या पाठीवर त्याचा शर्ट होता. तो शर्ट आम्ही हलवलेला नाही.

बायको मुलाबद्दल बोलत नाही. रडून झाल्यावर एक दिवस तिने तो विषयच मिटवून टाकला. नातेवाईक बोलायला लागले की ती उठून चहा टाकते. ती विचारते फक्त पिवळ्याबद्दल. ‘पिवळ्याने खाल्लं?’ मी ‘खाल्लं’ म्हणतो, आणि मग आम्ही जेवायला बसतो. पिवळा जगला पाहिजे, एवढंच आमच्या दोघांत ठरलेलं होतं. बाकीचं काय झालं ते झालं, पण त्याच्या हातचं हे एक आमच्या हातून जाता कामा नये.

यंदा दिवाळीनंतर टाकीचा सांधा पाझरायला लागला. आधी टाकीखालच्या फळीवर मिठाची पांढरी रेघ आली, मग रोज एक वाटी पाणी. कल्याणचे एक गृहस्थ लोकांच्या टाक्या सांभाळतात, त्यांना बोलावलं. पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी बोट फिरवून सांगितलं, ‘काका, ही आता महिना काढेल फार तर. आणि मासा पण मोठा झालाय, दोन फुटांत त्याला वळायला होत नाही नीट. मोठी करा.’

मोठी टाकी मुलाने वहीत काढून ठेवलेलीच होती. चार फूट लांब, काचेची जाडी, खालच्या स्टँडची उंची, सगळ्या मापांसकट. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, ‘बाबांना विचारायचं.’ त्याने विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो ते मला चांगलं माहीत आहे.

वागळेतल्या एका काचवाल्याकडून त्याच मापाची टाकी करून घेतली. टेम्पो शिळफाट्याला दोन तास अडकला, टाकी लिफ्टमध्ये मावली नाही, चौघांनी जिन्याने चढवली. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, कल्याणवाले आले. मिठाचं नवं पाणी मी आदल्या दिवसापासून पिंपात ढवळत ठेवलं होतं. जुनं पाणी वरून अलगद काढून बादल्यांत भरलं, ते अर्धं नव्या टाकीत जाणार होतं. दगड पाण्यासकट टबांत ठेवले, कारण ते वरून दगड दिसले तरी त्यांच्यात जीव असतो आणि टाकी त्यांच्यावरच चालते. तिन्ही मासे झाकणाच्या बादलीत, आत हवेची नळी. खाली राहिली ती वाळू.

‘ही फेकायची,’ कल्याणवाले म्हणाले. ‘सात-आठ वर्षांची घाण आहे हिच्यात. जागेवर होती तोवर ठीक. हलली की विष सुटतं. नव्या टाकीत चिमूटभर सुद्धा नको.’

मला हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. हवा न लागता कुजलेल्या गाळातून काय सुटतं, त्याचा वास कसा येतो, याची नोकरीच केली मी. मी शहाण्यासारखी मान हलवली. बायको दारात उभी होती, तिनेही ऐकलं. वाळू दोन गोण्यांत भरून बाल्कनीत ठेवली, आणि कल्याणवाले जेवायला गेले. तोवर नवी वाळू धुऊन तळाला पसरून ठेवा, म्हणाले.

मी नवी वाळू धुवायला बाल्कनीत गेलो. जुनी गोणी उघडीच होती. वर ओली, राखाडी, आणि तिच्यावर चार खळगे. कोणाच्या तरी बोटांचे, बहुधा माझ्याच, भरताना उमटलेले. पण मला ते त्याच्याच बोटांचे वाटले. पहिली टाकी मांडताना तो दिवसभर मूठमूठ वाळू पसरत बसला होता, आणि मी हॉलमधून ‘झालं का तुझं पाटबंधारे खातं?’ असं ओरडलो होतो. आता उद्या सकाळी कचऱ्याच्या गाडीत ही गोणी माझ्याच हाताने टाकायची. मी स्वतःला पटवायला बसलो. दह्याला विरजण लागतंच की. नव्या घरात जुन्यातलं थोडं असावं. असले युक्तिवाद दुसऱ्या कोणी केले असते तर मी त्याला सोडलं नसतं.

पातेलंभर वाळू मी नव्या टाकीच्या डाव्या कोपऱ्यात घातली आणि वरून नवी पांढरी वाळू जाड पसरली. बायको स्वयंपाकघरात होती. आंघोळ करून आलो, जेवलो. कल्याणवाले परतले, दगड रचले, पाणी भरलं, चार वाजेपर्यंत मासे नव्या टाकीत सोडले. पिवळा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, वळला, परत आला. बायको खुर्चीच्या कडेवर बसून बघत होती. दोन वर्षांत मी तिला इतकं स्वस्थ बसलेलं पाहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी दार उघडलं आणि वास आला. नासक्या अंड्यांचा. अगदी हलका, दुसऱ्या कोणाला कळलाही नसता. पाणी ताकासारखं दिसत होतं. नारिंगी मासे पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून होते. पिवळा पाण्याच्या धारेखाली तिरका, कल्ले भराभर उघडत-मिटत. पहिल्यांदाच तो सरळ माझ्याकडे बघत होता.

कल्याणवाले तासाभरात आले. त्यांनी नळीत पाणी घेतलं, विष तपासायचे थेंब टाकले. पिवळट राहायला हवं ते गडद हिरवं झालं. त्यांनी नळी उजेडात धरली आणि मग माझ्याकडे पाहिलं. ‘काका, जुनी वाळू घातलीत का?’

‘नाही,’ मी म्हणालो. ठामपणे. जन्मभर लोकांच्या चुका दाखवलेल्या माणसाच्या आवाजात.

‘मी घातली,’ बायको म्हणाली. ‘तुम्ही जेवायला गेलात तेव्हा. हे आंघोळीला होते. उजवीकडे, आपला साखरेचा डबा असतो ना, तो भरून.’

मी तिच्याकडे बघत राहिलो. ती जमिनीकडे बघत होती. मला तेव्हा गप्प बसता आलं असतं, आणि खरं सांगतो, क्षणभर मी तसंच करणार होतो. मग म्हटलं, ‘मीपण घातली. डावीकडे.’

 कल्याणवाल्यांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि बाही वर केली. ते आम्हाला काही बोलले असते तर बरं वाटलं असतं. मासे पुन्हा बादलीत काढले, दगड टबांत, आणि आम्ही तिघं काढायला लागलो. मी डावीकडून, ती उजवीकडून, खांद्यापर्यंत हात पाण्यात. माझ्या बोटांना खालची राखाडी वाळू लागली की कळत होतं, ती मऊ होती. मधे एकदा तिचा हात माझ्या हाताला लागला, थंडगार. दोघांनीही हात काढला नाही.

नारिंगी दोघे दुपारपर्यंत तरतरीत झाले. पिवळा बादलीतच आडवा झाला. कल्याणवाल्यांनी त्याला तळहातावर धरून बराच वेळ पाण्यात पुढेमागे केलं, कल्ल्यांत पाणी जावं म्हणून. मग त्यांनी त्याला परत सोडलं नाही. ‘हे दोघं राहतील,’ एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले.

बायकोने त्याला घेतलं. तिच्या ओंजळीत तो अगदी बसला. रंग अजून तसाच होता. मला वाटलं ती रडेल, पण ती विचार करत होती, घरात काही फुटलं की ते कोणाला कळायच्या आत काय करता येईल असा विचार करताना दिसते तशी. मग दोन वर्षांत पहिल्यांदा तिने मुलाचा विषय काढला.

‘आता त्याला काय सांगायचं?’

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी टॉवेल घेतला, तिचे हात कोपरापर्यंत पुसले, एकेक करून, तिच्या ओंजळीला धक्का न लावता.

‘मी सांगतो,’ मी म्हणालो. ‘तू नको सांगूस.’