बूट काढून आत यावे

आमच्या भाऊजींनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट धडपणे सुरू केली नाही. सुरू करण्याचा सोहळा मात्र त्यांनीच करावा; त्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या भंडारा जिल्ह्यात कोणी नव्हता. स्कूटर ते आधी आडवी करत, मग उभी करत, मग तिच्याभोवती एक चक्कर मारत आणि एवढं सगळं करून सायकलने निघून जात. ताईला मिक्सर आणला तेव्हा त्यासोबतचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून मोठ्यांदा वाचायला बसले. ते झाकणाच्या प्रकरणापर्यंत पोचले तोवर ताईने पाट्यावर चटणी वाटून पंगत उठवली होती. स्वतःच्या लग्नात तर त्यांनी मंगलाष्टकं थांबवून माइक हातात घेतला, कारण भटजींनी तो तपासलाच नव्हता. अंतरपाटाआडून माझ्या बहिणीने नवऱ्याच्या तोंडचे ऐकलेले पहिले शब्द होते, "हॅलो, हॅलो, आवाज येऊन राहिला का?" आवाज येत होता. तिने तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

ऐंशीचं दशक सरत आलं असताना या गृहस्थाने नागपूरहून कंप्यूटर आणला. तुमसरला त्यांच्या वडिलांची, म्हणजे बाबूजींची, राईस मिल होती. मिलमागची कोंड्याची खोली भाऊजींनी रिकामी करून घेतली, चुना मारला आणि इथे गावातल्या पोरांना कंप्यूटर शिकवणार असं जाहीर केलं. त्या मशीनच्या पोटात स्वतःचं असं काही नव्हतं. दर वेळी एक काळी चौकोनी फ्लॉपी आत घालायची, मग ती जागी व्हायची. या प्रकाराला 'बूट करणे' म्हणतात, हे भाऊजी नागपूरहून शिकून आले होते. धूळ नको म्हणून त्यांनी दारावर पाटी लावली : बूट काढून आत यावे.

बाबूजी पाटीसमोर थबकले. "मशीन बुटाशिवाय चालू होत नाही म्हणते तू, अन् आमचे बूट काढाले लावते! दसऱ्याले चार लोकाईसमोर चालू करून दाखव, तं खोली तुही. नाही तं मी कोंडा भरतो."

आता शहाण्या माणसाने त्याच दिवशी मशीन सुरू करून पाहिली असती. भाऊजींच्या मते फ्लॉपी वापरली की झिजते. म्हणून त्यांनी एक जुनी लग्नपत्रिका त्याच मापाची कापली आणि रोज सकाळी आंघोळ करून ती आतबाहेर करण्याचा सराव केला. खरी फ्लॉपी कोणाच्या हाती लागू नये याची त्यांना भारी काळजी. धानातले खिळे आणि तारांचे तुकडे ओढून घ्यायला मिलमध्ये मोठी लोहचुंबकं असत. त्यातलं एक जास्तीचं त्यांनी उचललं आणि फ्लॉपी लोखंडी कपाटाच्या दाराला त्याखाली चिकटवून ठेवली. "आता दहा माणसं आले तरी निंगत नाही," ते मला म्हणाले.

दसऱ्याला हमाल, शेजारचे व्यापारी, सगळे अनवाणी जमले. मशीनला झेंडूचा हार. भाऊजींनी दोन्ही हातांनी चुंबक ओढून काढलं, फ्लॉपी कपाळाला लावली आणि आत घातली. आतून थोडी करकर झाली. मग पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. मी ती वाचली : ही फ्लॉपी चालत नाही, दुसरी घाला. दुसरी होती कुठे? मी मशीनसोबतचं माहितीपुस्तक चाळलं. चुंबक जवळ नेल्यास फ्लॉपीवरचं सगळं पुसलं जाईल, असं तिथे चित्रासकट छापलं होतं आणि भाऊजींनी त्याखाली लाल रेघही मारली होती.

"पण चित्रातला तं घोड्याच्या नालेसारखा हाय," भाऊजी हळूच म्हणाले. "आपला चपटा हाय ना."

लोक पोट धरधरून हसले. मीही हसणार होतो, पण ताईच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि मला हसवेना. बाबूजी बाहेर गेले आणि बूट घालू लागले.

दुसऱ्या दिवशी भाऊजी नागपूरला धावले. दुकानदार दुकान उचलून पुण्याला गेला होता, आणि त्या जातीची मशीन दुसऱ्या कोणी पाहिलीही नव्हती. बाबूजींनी शब्द पाळला. खोलीत कोंड्याची पोती लागली, मशीन एका कोपऱ्यात ढकलली गेली. दारावरची पाटी काढायचं तेवढं राहून गेलं.

त्यानंतरही भाऊजी रोज त्या खोलीत जात, दाराशी चपला काढत आणि फडक्याने पडदा पुसून परत येत. कोंड्याच्या खोलीत अनवाणी जाणारा हा तुमसरातला एकमेव माणूस. हमाल त्यांची नक्कल करत, आणि खरं सांगतो, नक्कल हुबेहूब असे.

एकदा मी मिलवर बाबूजींच्या गादीपाशी बसलो होतो. भाऊजी गावाला गेले होते. पाठीवर पोतं घेतलेला एक हमाल चपलांसकट त्या खोलीत शिरू लागला, तोच बाबूजी बसल्या जागेवरून ओरडले, "अबे, चपला काढ आधी! आत पोराची मशीन हाय."