दुकान वर, घर खाली

न्हावी म्हटला की तोंडाचा पट्टा आलाच, असा सगळीकडचा समज. या गल्लीतला न्हावी मात्र त्याला अपवाद होता. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की तो गळ्याभोवती कापड गुंडाळी, "नेहमीसारखं?" एवढंच विचारी, आणि मानेवरचे केस झटकून आरसा दाखवेपर्यंत पुन्हा तोंड उघडत नसे. लोक त्याला मौनीबाबा म्हणत. ऑफिसात दिवसभर साहेबाची बडबड ऐकून विटलेली माणसं त्याच्या खुर्चीत डोळे मिटून पडून राहत.

त्याच्या वाटचं बोलणं देवाने बायकोला देऊन टाकलं होतं. दुकान तळमजल्यावर आणि राहायच्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर. वरच्या खिडकीत कोपर टेकून ती साऱ्या गल्लीशी बोलत असे. कुणाच्या मुलाला नोकरी लागली, कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं पाणी गेलं, ही बातमी तिच्या खिडकीतून निघे आणि तार नाही की यंत्र नाही, कोपऱ्यावरच्या पाववाल्यापर्यंत जाई. म्हणून ती बिनतारी काकू. तोंडावर काकू, पाठीमागे बिनतारी, आणि दोन्ही नावं तिला माहीत होती.

गल्ली शहराच्या सगळ्यात जुन्या भागातली. फरसबंदी झिजून गुळगुळीत झालेली, घरं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी. जिने लाकडी आणि असे अरुंद, की वरून येणारा आणि खालून जाणारा समोरासमोर आले तर एकाला माघार घ्यावीच लागे. सरकारने तो सगळा भाग वारसा म्हणून जाहीर केला, तेव्हापासून वारसा समितीला विचारल्याशिवाय दाराचा रंगही बदलता येत नव्हता. लिफ्टचं तर नावच काढायला नको. कॅमेरेवाले पाहुणे मान वर करकरून नक्षीदार तुळया बघत, आणि काकू वरून ओरडे, "अहो, पायाखाली बघा, तिथला दगड हलतो!"

ती पडली ती मात्र गल्लीत नाही, स्वतःच्या स्वयंपाकघरात. सांडलेल्या पाण्यावरून पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, "काठी घेऊन चालाल, फिराल. पण जिना विसरा." विसरा म्हणणं सोपं होतं. घरीच जायचं तर तीन मजले होते. गल्लीतल्या चौघांनी तिला खुर्चीत बसवून वर नेलं. पाववाला पुढे होता, तो प्रत्येक वळणावर "सांभाळून" म्हणत होता आणि प्रत्येक वळणावर स्वतःच भिंतीवर आपटत होता. काकू इतकी हसली की खुर्ची हलायला लागली.

हसणं ते तेवढंच. पुढे पुढे ती खिडकीशी कमी बसू लागली. आधी म्हणाली, ऊन लागतं. मग म्हणाली, खुर्ची टोचते. खालून कुणी हाक मारली तर हात हलवी, बस्स. दुकानात दाढी करताना मौनीबाबाच्या लक्षात आलं, की वरून काहीच ऐकू येत नाहीये. एवढी वर्षं त्याने मनातल्या मनात म्हटलं होतं, बाई, घटकाभर गप्प बस. आता ती गप्प बसली होती आणि त्याला सुचेनासं झालं होतं. चालता चालता कात्री थांबे, कान जिन्याकडे लागत.

लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला, नव्या वसाहतीत राहत होती. ती एका रविवारी आली आणि त्याला घेऊन गेली. तिच्या शेजारच्याच इमारतीत एक घर रिकामं झालं होतं.

"बाबा, लिफ्ट बघा केवढी आहे," लेक म्हणाली. "आईला उद्या चाकाची खुर्ची लागली तरी मावेल. न्हाणीघरात धरायला दांडा आहे. अजून काय हवं?"

खोट काढावी असं काही नव्हतं. नळाला पाणी होतं, भिंती कोरड्या होत्या. लांबलचक बोळकांडीत सगळी दारं बंद होती आणि ती दोघं घर बघून परत निघाली तोवर त्यांतलं एकही उघडलं नव्हतं. त्याने खिडकी उघडून खाली बघितलं. खाली गाड्या उभ्या होत्या.

"छान आहे," तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं.

रात्री जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं. एरवी तिने शंभर प्रश्न विचारले असते. शेजारी कोण, भाजी कुठे मिळते, भिंतीला रंग कोणता. ती फक्त म्हणाली, "तुम्ही ठरवा. मला काय, कुठेही पडूनच राहायचं."

लग्न झाल्यापासून तिने "तुम्ही ठरवा" हे दोन शब्द कधी उच्चारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या मजल्यावरचे अण्णा दाढीला आले. कोर्टात टंकलेखक म्हणून जन्म घालवलेला माणूस, आता निवृत्त. गालाला फेस लागला की त्यांना हटकून डुलकी लागे. त्या दिवशी एक गाल झाला, वस्तरा दुसऱ्या गालाकडे वळला, आणि अण्णा झोपेतच पुटपुटले, "काय झकास वाटतं रे इथे. तुझ्या दुकानात बिऱ्हाडच करावं म्हणतो."

वस्तरा हवेतच राहिला. मौनीबाबाने दुकानावरून नजर फिरवली, जणू पहिल्यांदाच बघत होता. पुढची खोली ऐसपैस. मागे मोरी, संडास, सामान ठेवायची खोली, तिथे चूल मांडता येईल. आणि दार उघडलं की एक पायरीसुद्धा न उतरता समोर गल्ली.

"आलोच," तो म्हणाला आणि जिन्याकडे पळाला.

"अरे, माझा दुसरा गाल!" अण्णा ओरडले, पण तो पहिल्या वळणावर गेलासुद्धा.

वर पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. बायको पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"अगं ऐक," तो म्हणाला. "आपण खाली राहू. दुकान वर आणू."

तिने मान वळवली. "वेड लागलंय का? दाढी करायला तीन मजले चढून कोण येणार?"

"येतील."

"म्हातारे?"

"त्यांची खालीच करीन. सकाळी. तू चहा टाक."

"आणि ती तुमची धूड खुर्ची? ती जिन्यातून येईल? अर्ध्यात अडकली तर वरचे वर आणि खालचे खाली!" बोलता बोलता ती कोपरावर उठून बसली होती. "पडदे कसले लावायचे? काचेच्या दारामागे झोपायचं म्हणजे दुकानात मांडून ठेवल्यासारखं!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर तिला हसू फुटलं. मौनीबाबा दाराला टेकून उभा राहिला. खाली अर्धी दाढी झालेले अण्णा त्याच्या नावाने शंख करत होते, ते त्याला ऐकूच आलं नाही.

खुर्चीचा प्रश्न खरा होता. बिडाची, वरखाली होणारी, त्याच्या वडिलांच्या वेळची. सुतार येऊन जिना मापून गेला आणि म्हणाला, नाही, काही केल्या नाही. मग छपराखाली घराच्या कपाळावर जो लोखंडी आकडा होता, त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. पूर्वी त्याला कप्पी लावून सामान खिडकीतून वर घेत. हल्ली त्याचे फक्त फोटो निघत.

समितीला विचारणं भाग होतं. एक बाई आल्या. गळ्यात ओळखपत्र, पायात चालायचे बूट, चेहऱ्यावर नकार तयार. काकूला त्या दिवशी चौघांनी पुन्हा खुर्चीत घालून खाली आणलं होतं आणि दुकानाच्या दारात बसवलं होतं. मौनीबाबाने तोंड उघडायच्या आत तिने सुरुवात केली. हाड कसं मोडलं, पाववाला कसा आपटला, लेकीच्या इमारतीत दारं कशी बंद असतात, सगळं. बाईंनी मध्ये दोनदा घड्याळ बघितलं, तिसऱ्यांदा बघायच्या ऐवजी पायरीवर टेकल्या. दुसऱ्या दिवशी त्या समितीचा एक इंजिनियर घेऊन आल्या. त्याने छपरावर जाऊन आकडा ठोकून, ओढून बघितला.

"आकडा मजबूत आहे," बाई म्हणाल्या. "ज्या कामासाठी केला, त्या कामाला लावला तर आमची हरकत नाही. पण दुकानाचं दार आणि काच आहे तशीच राहिली पाहिजे."

"राहू दे की," काकू म्हणाली. "मला तेवढाच उजेड."

खुर्ची वर गेली तो दिवस गल्ली विसरणार नाही. दोर ओढायला इतकी माणसं जमली की दोर कमी पडला. खुर्ची हळूहळू उठली, पहिल्या मजल्याशी गरकन फिरली आणि दुसऱ्या मजल्यावर अण्णांच्या खिडकीसमोर जाऊन उभी राहिली. अण्णा आतून म्हणाले, "मौनी, आता वेळ आहे, माझी दाढी उरकून घे!" खालून काकू खणखणीत आवाजात हुकूम सोडत होती. "डावीकडे घ्या! तुमचं डावं नाही, माझं! पाववाले, तुम्ही लांब व्हा, तुमच्या हाताला लागलं की सगळं आपटतं!" मौनीबाबा वरच्या खिडकीत खुर्ची आत घ्यायला हात पसरून उभा होता. खुर्चीपेक्षा त्याचं लक्ष त्या आवाजाकडे जास्त होतं.

लेक रागावली. "लोक काय म्हणतील, आईबापांना दुकानात ठेवलंय," म्हणाली. मग एका दुपारी आली, आईजवळ बसली. तेवढ्या वेळात चार जण आत डोकावून गेले. एकाने ताजा पाव ठेवला, एकाने नातीला काकूच्या मांडीवर टाकून औषध आणायला धाव घेतली. लेक जाताना म्हणाली, "बरं, पण न्हाणीघरात दांडा मी लावून देणार." तो तिने लावून दिला.

काही गिऱ्हाइकं तुटली, ते खोटं का सांगा. नव्या रस्त्यावर चकचकीत दुकानं होती, तिथे गेली. पण जी चढून आली ती टिकली. खुर्चीतून आता जुन्या शहराची छपरं दिसत, कबुतरं दिसत, लांबवर पाण्याची रेघ दिसे. धाप लागलेला माणूस बसला की मौनीबाबा आधी पाण्याचा पेला पुढे करी. तरणी पोरं तर दाढी झाल्यावरही खिडकीशी रेंगाळत. अण्णा आणि दोनतीन म्हातारे सकाळी खालीच येत. मौनीबाबा त्यांना साध्या स्टुलावर बसवून उरकून टाकी, चहा काकूचा. त्याचे स्वतःचे गुडघे संध्याकाळी कुरकुरत, आणि काकू तेल चोळता चोळता म्हणे, "अजून पाच वर्षांनी तुम्हालाच आकड्याला टांगून वर चढवू."

एक अडचण मात्र कायमची झाली. वर जायची वाट काकूच्या दारावरूनच होती. माणूस केस कापायला निघे आणि खालीच अडके. वर मौनीबाबा वस्तरा पट्ट्यावर परजत बसे. मग खिडकीतून वाकून तो चक्क ओरडे, "अगं, सोड त्याला!"

आता काकू काठी टेकत पाववाल्यापर्यंत जाते आणि येते. जाताना लवकर पोचते, येताना वेळ लागतो, कारण वाटेत माणसं भेटतात. काचेला अर्ध्या उंचीपर्यंत पडदा लावलाय, वरचा अर्धा तिने उघडाच ठेवलाय. परवा कॅमेरा गळ्यात घातलेलं एक जोडपं काचेतून आत बघत होतं. कपाटं दिसतात, पलंग दिसतो, बाई भाजी निवडताना दिसते, तेव्हा हे दुकान कसलं, ते त्यांना कळेना. शेवटी नवऱ्याने दार ढकललं आणि विचारलं, "इथे काय मिळतं?"

"चहा टाकलाय," काकू म्हणाली. "तो मिळेल. दार लोटून घ्या, वारा येतो. कुठून आलात?"