आधी खुशाली, मग गोष्ट

सुमन गेली, त्याला आज वर्ष झालं. आणि आज मी पोटभर जेवलो.

लिहिताना थोडं चोरट्यासारखं वाटतंय. पण खरं आहे ते.

मित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण माझ्या वर्गात बसलेले. 'जिवावरचा प्रसंग' हा निबंध तुम्ही विसरला नसाल. पुरात अडकलो, जंगलात वाट चुकलो, विहिरीत पडलो.

मी फळ्यावर शब्दांची ओळ काढायचो.
आधी. मग. इतक्यात. तोवर. त्यानंतर. अखेर.

हे शब्द म्हणजे नदीतले दगड, एकेकावर पाय ठेवत पलीकडे जायचं, असं काहीबाही मी सांगायचो. खिडकीबाहेर बघत. कवितेचा तास संपला तरी माझ्यातली कविता संपायची नाही, हे तुम्हाला माहीत आहेच.

आणि नियम एकच. 'वाचलो' हा शब्द शेवटच्या परिच्छेदाआधी आला, की दोन मार्क कट!

माझ्या घरात मात्र हा नियम रोज मोडला जायचा.

माझी बायको सुमन सायखेड्याची. लहानपणी गोदावरीच्या पुरात ती, तिचे वडील आणि आजी देवळाच्या छपरावर दिवसभर बसून होते. खराखुरा जिवावरचा प्रसंग! पण सांगायची कसा?

"आम्ही तिघंही वाचलो हं. आता ऐका."

मी कपाळाला हात लावायचो. "अगं, सगळा सस्पेन्स घालवलास!"

"सस्पेन्स? छपरावर तुम्ही होतात का, सर?"

चिडवायचं असलं की मी 'सर' व्हायचो. एरवी नुसता 'अहो'.

मग ती तिच्या गावची रीत सांगायची. पुराच्या दिवसांत पलीकडच्या काठावरून कोणी आलं, की उंबऱ्याबाहेरूनच ओरडायचं, "समदे खुशाल हायेत!" त्यानंतर चपला काढायच्या, पाणी प्यायचं, आणि मग काय झालं ते सांगायचं. हा क्रम कोणी चुकवला तर म्हाताऱ्या बाया त्याला फाडून खायच्या.

"ऐकणाऱ्याचा जीव टांगून ठेवायचा नसतो," ती म्हणायची. "तुमच्या निबंधाला लय मार्क पडत असतील. माझ्या आजीनं तुम्हाला नापास केलं असतं."

मी हसायचो. पटायचं मात्र नाही.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी आम्ही भाजीबाजारात होतो. सुमननं मेथीची जुडी उचलली आणि तशीच खाली बसली. घामानं डबडबलेली. भाजीवाल्या मावशींनी रिक्षा थांबवली, दवाखान्यात नेलं. हार्ट अटॅक. तासाभरानं डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत काका, धोका टळला."

मी तिच्या कॉटशेजारी उभा राहून मालेगावला आमच्या लेकीला, मंजूला, फोन लावला.

आणि काय सांगावं, मित्रांनो! चाळीस वर्षं मुलांना जे शिकवलं, तेच तोंडातून बाहेर पडलं.

"मंजू, सकाळी आम्ही आधी भाजी आणायला निघालो. मग आईनं मेथी घेतली. इतक्यात…"

"इतक्यात काय, बाबा?"

"थांब, क्रमानं सांगतो. इतक्यात तिच्या छातीत कळ आली. तोवर रिक्षा…"

पलीकडे काहीतरी दाणकन पडलं. मंजू किंचाळली.

"बाबा! आई आहे का? आधी तेवढं सांगा ना!"

लेक तिकडे रडतेय, आणि 'आहे' हा एवढासा शब्द मला सापडेना.

कॉटवरून हात पुढे आला. "द्या इकडे."

नर्स नको नको म्हणत असताना सुमननं ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"मंजू, मी आहे गं. रडू नको. आता बाबांकडून ऐक सगळं. मेथीपासून."

नर्सबाई तोंडाला रुमाल लावून हसत होती. मला त्या दिवशी माझा निबंध खऱ्या अर्थानं तपासून मिळाला.

त्यानंतरची सहा वर्षं म्हणजे शुद्ध बोनस. मी कुठूनही फोन केला की पहिलं वाक्य ठरलेलं, "मी ठीक आहे." नुसतं दूध आणायला गेलो तरी! ती म्हणायची, "सर सुधारले."

गेल्या वर्षी, याच दिवशी, दुपारची जेवून पडली ती उठलीच नाही.

मी फोन हातात घेतला. या वेळी खुशाली नव्हती.

"मंजू, आई गेली."

एवढंच बोललो. पुढेमागे एकही शब्द लावला नाही. ती म्हणाली, "निघते, बाबा."

दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले. एका दुपारी मंजू माझ्याजवळ येऊन बसली.

"बाबा, आता सांगा. अगदी सकाळपासून."

"सकाळी आधी माझ्याशी भांडली. चष्मा फ्रिजवर ठेवला म्हणून."

"मग?"

"मग वरच्या मजल्यावरच्या वहिनींना लोणचं देऊन आली. तिथे पाऊण तास."

"पाऊणच?" मंजू हसली. "मग?"

"मग जेवायला बसलो. स्वतः भाकरीवर तूप घेतलं आणि मला म्हणाली, तुम्हाला कमीच बरं."

"मग?"

"मग म्हणाली, जरा पडते. चारला उठवा, चहा मी करीन."

मंजू माझा हात हातात घेऊन बसून राहिली.

किती साधा, किती भरलेला दिवस होता तो! शेवट माहीत असूनही आम्हाला तो पुन्हा सगळा जगता आला. घाई न करता, एकेक 'मग' करत.

आज मंजू आली होती. तिनं भाकरी केली, मला चांगलं चमचाभर तूप वाढलं, आणि आम्ही तो दिवस पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितला. या वेळी चष्म्याचा भाग मंजूनं सांगितला, लोणच्याचा मी.

सुमन, तुझ्या आठवणीला आम्हा दोघांचा प्रेमाचा नमस्कार.